गुळगुळीत अक्षरं

मला सुंदर अक्षरांचं वेड वगैरे काही नव्हतं. मला फक्त मिनिटाला तीस शब्द हवे होते, तेही मराठी, सलग दहा मिनिटं, आणि शंभरात सातपेक्षा जास्त चुका न करता. एवढं जमलं की लिपिकाची नोकरी माझी होती. लेखी परीक्षेच्या यादीत चाळीस जागांसाठी माझं सतरावं नाव आलं होतं. आता राहिली होती ती फक्त टंकलेखनाची परीक्षा. आणि ही संधी शेवटची, कारण डिसेंबरात माझं वय अटीबाहेर जाणार होतं.

सहा वर्षं मी क्रांती चौकाजवळच्या एका दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरत होते. तलाठ्याचे, पोलिसाचे, शिक्षकाचे, रेल्वेचे. ज्यांचे फोटो मी कापून-छाटून चढवले, ती पोरं आता साहेब होऊन पेढे घेऊन यायची आणि मला ताई म्हणायची. पेढा खाताना मला आनंद व्हायचा, नाही असं नाही. पण घरी जाताना पोटात काहीतरी जळायचं आणि ते पेढ्यामुळं नव्हतं.

तर, सरावाचं. माझा धाकटा दीर प्रणय कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आहे. त्यानं मला एक जुना लॅपटॉप आणून दिला. सराव करायचं सॉफ्टवेअर महिनाभर फुकट होतं, ते संपलं, म्हणून त्यानं एक साधा एडिटर टाकून दिला. त्यात नुसतं लिहायचं, बाकी काही नाही. शेजारी छापील उतारा ठेवायचा, मोबाइलवर दहा मिनिटं लावायची आणि सुरू.

पहिल्या दिवशी वेग आला बत्तीस. चुका शंभरात नऊ. म्हणजे वेग पास आणि मी नापास.

मी चुका शोधायला बसले, तेव्हा माझं पहिल्यांदा अक्षरांकडे लक्ष गेलं. एवढी घाणेरडी अक्षरं मी जन्मात पाहिली नव्हती. प्रत्येक अक्षर उंदरानं कुरतडल्यासारखं. वेलांटीचा बाक म्हणजे नुसत्या पायऱ्या. ‘घ’ आणि ‘ध’ यांत फरक आहे हे फक्त मला आधीपासून ठाऊक होतं म्हणून कळत होतं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मला चुका दिसतच नाहीत, मग मी त्या टाळणार कशा? रोग सापडला. औषध घरातच होतं.

प्रणयला सांगितलं तर तो खूश झाला. त्याला असलं काम फार आवडतं. सेटिंगमध्ये कुठंतरी अक्षरांच्या कडा मऊ करायची खूण असते, ती त्यानं लावली. पायऱ्या गेल्या. पण आता सगळी अक्षरं धुक्यात उभी असल्यासारखी दिसायला लागली. मी डोळे पुसले, चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर तपासून आले. नंबर नव्हता. प्रणय म्हणाला की हे पडद्याच्या ठिपक्यांवर अवलंबून असतं, आणि दुसरी खूण लावली. त्यानं धुकं गेलं, पण प्रत्येक अक्षराच्या डाव्या कडेला तांबूस आणि उजव्या कडेला निळसर झाक आली. मी त्याला दाखवली तर त्याला ती दिसेना. माझ्या नवऱ्याला, आकाशला, दाखवली. त्याला फक्त तांबूस दिसली.

मग सासूबाईंना बोलावलं. आमच्या सासूबाई, गोजरबाई, विहारात दर रविवारी वंदनेचं पुस्तक वाचतात, त्यामुळं अक्षरांच्या बाबतीत त्यांचं मत आम्ही मानतो. त्यांनी पडद्याजवळ नाक नेऊन नीट पाहिलं. मग मागं सरून पाहिलं.

“मला तर समदी सारखीच दिसतेत,” त्या म्हणाल्या. “पर तू लई वाकून बसतीस बघ.”

वाकण्याचा इथं काय संबंध, असं मला वाटलं. पण सासूला कोण बोलणार?

पुढचे दहा-बारा दिवस आमच्या मुकुंदवाडीतल्या त्या दोन खोल्यांत दुसरा विषय नव्हता. प्रणय कामावरून आला की हात धुवायच्या आधी लॅपटॉप उघडायचा. त्यानं सात फॉन्ट बदलले. एकाची अक्षरं छान होती, पण जोडाक्षरं फुटायची. एकाची जोडाक्षरं छान होती, पण मात्रा शिरोरेघेपासून सुटून हवेत तरंगायची. त्यानं अक्षरं मोठी केली, पडद्याचं माप बदललं, कुठल्याशा फाइलमध्ये दोन ओळी घातल्या, मग त्यातली एक काढली. रोज मला विचारायचा, “वहिनी, आज बघा, कल से बेहतर है ना?” आणि मी रोज गोंधळून जायचे. कालचं कसं होतं तेच आठवायचं नाही. कधी वाटायचं कालचं बरं होतं. ते परत लावलं की वाटायचं, छे, हे तर आजच्यापेक्षा वाईट.

आणि दुसरीकडं माझा वेग उतरत होता. हे मला अजिबात कळेना. अक्षरं जितकी सुधारावीत तितका वेग कमी. बत्तीसचे सत्तावीस झाले. सत्ताविसाचे चोवीस. चुका मात्र खरंच घटल्या, शंभरात चारवर आल्या. म्हणजे औषध लागू पडत होतं आणि पेशंट मरत होता. आकाश म्हणाला, दमली असशील. प्रणय म्हणाला, कीबोर्ड जुना आहे. दुकानातली एक मैत्रीण म्हणाली, नजर लागली असेल, यादीत नाव आलंय हे तू सगळ्या गल्लीत सांगितलंस. मी तिघांवरही चिडले. परीक्षेला अकरा दिवस राहिले होते.

मग एक दिवस प्रणयला जमलं. काय केलं ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. पण पडद्यावरची अक्षरं अशी झाली की मी बघतच राहिले. काळीभोर, कडा लोण्यासारख्या गुळगुळीत, वेलांट्या एका दमात काढल्यासारख्या. धुकं नाही, झाक नाही. छापील पुस्तकातसुद्धा अशी अक्षरं मी पाहिली नव्हती. आकाश कौतुकानं म्हणाला की आता हिला कोण अडवतंय. मी उतारा लावला, दहा मिनिटं टाइप केलं आणि मोजलं.

बावीस.

मी लॅपटॉप बंद केला आणि न्हाणीत जाऊन रडले. मला खरंच काही कळत नव्हतं. आळस केला असता तर स्वतःला शिव्या दिल्या असत्या. पण मी रोज तीन-तीन तास बसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत बसले. सुरू केल्यावर दोनेक मिनिटांतच पडदा गेला. काळा ठिक्कर. लॅपटॉप चालू होता, पंखा फिरत होता, पण दिसत काही नव्हतं. बिजागरीपाशी तार सैल आहे हे प्रणयनं आधी सांगितलं होतं. मला इतका राग आला की मी थांबलेच नाही. म्हटलं, मर तू, मी लिहिणार. उताऱ्यावर डोळे रोवले आणि बोटं आपटत सुटले. मोबाइल वाजेपर्यंत. मग झाकण जरा मागंपुढं केलं तर पडदा परत आला. मोजलं. तेहतीस. चुका शंभरात सहा.

मी पुन्हा मोजलं. तेवढंच आलं.

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. पंधरा-सतरा वर्षांपूर्वी सिल्लोडला टायपिंगच्या क्लासला मुक्ताबाई शिकवायच्या. नजर उताऱ्यावरून हलली की त्या कागदाची गुंडाळी करून डोक्यात टपली मारायच्या. टाइप करणाऱ्यानं आपण काय उमटवतोय ते बघायचंच नसतं. हे मला ठाऊक होतं, बोटांनाही ठाऊक होतं. पण पहिल्या दिवशी ती कुरतडलेली अक्षरं पाहिल्यापासून मी दर शब्दाला मान वर करत होते. आधी किती वाईट दिसतंय ते बघायला आणि नंतर किती छान दिसतंय ते बघायला. जितकी अक्षरं देखणी झाली तितकी मी जास्त बघत बसले. चूक दिसली की मागं जाऊन सुधारत बसले, म्हणून चुका कमी आणि वेगही कमी.

त्या दिवसापासून मी पडद्यावर उशीची खोळ टाकून सराव करू लागले. प्रणयला फार लागलं. “वहिनी, पंधरा दिवस मी अक्षरं घासत बसलो,” तो म्हणाला, “आणि तुम्ही वरून खोळ टाकता?” त्याला समजावायला मला अर्धा तास लागला आणि तरी त्याला ते पटलं नाही. आठवड्याभरात वेग पस्तिसावर गेला आणि चुका चारवर थांबल्या. मी शांत झोपायला लागले.

परीक्षा शहराबाहेरच्या एका कॉलेजात होती, सकाळी दहाला. आकाशनं गाडीवरून सोडलं आणि तो समोरच्या चहाच्या टपरीवर थांबला. आत साठ कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले. मी माझ्या जागेवर बसले आणि इकडं-तिकडं पाहिलं. उताऱ्याचा कागद कुठंच नव्हता. विचारलं तर पर्यवेक्षक म्हणाले की कागद मिळत नाही, उतारा पडद्यावरच येतो. वरच्या अर्ध्या भागात उतारा, खालच्या अर्ध्या भागात आपण लिहायचं.

फॉर्मबरोबरच्या सूचना मी वाचल्या होत्या. त्यात हे एका ओळीत होतं का? असेलही. दुसऱ्यांचे फॉर्म भरताना मी एकेक ओळ वाचून दाखवते.

आधी तीन मिनिटांचा नमुना उतारा आला. भाषा निवडा, असं पडद्यावर विचारलं, मी मराठी निवडली आणि सुरू केलं. नजर वरच्या उताऱ्यावर ठेवायचा मी जीव तोडून प्रयत्न केला. पण दोन बोटं खाली माझीच अक्षरं उमटत होती आणि डोळा आपोआप तिकडं घसरत होता. त्यात ती अक्षरं, काय सांगू, प्रणयच्या अक्षरांहूनही सरस होती. तीन मिनिटांत माझे साठ शब्दसुद्धा झाले नाहीत.

मी हात वर केला. पर्यवेक्षक आले. अप्पाराव असं नाव त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर होतं. पन्नाशीचा, थकलेला, साधा माणूस दिसत होता. मी त्यांना विचारलं की पडद्याच्या खालच्या भागावर माझा रुमाल टाकू का.

त्यांनी विचारलं, “कशासाठी?”

मी म्हटलं की मला माझं लिहिलेलं दिसायला नको आहे.

त्यांनी आयुष्यात कॉपीचे पुष्कळ प्रकार पकडले असतील, पण हा त्यातला नव्हता. रुमाल हातात घेऊन त्यांनी दोन्ही बाजूंनी तपासला, उजेडात धरला. त्यात काही नव्हतं. मग म्हणाले की नियमात असं काही लिहिलेलं नाही. मी म्हटलं, चालणार नाही असंही लिहिलेलं नाही. ते म्हणाले, पण बाई, यात तुमचा फायदा काय? मी मुक्ताबाई, उशीची खोळ, वेग, चुका सगळं भराभर सांगितलं आणि त्यांचा चेहरा आणखीच गोंधळला. शेवटी त्यांनी दाराशी जाऊन दुसऱ्या एका साहेबांना बोलावलं. ते आले, त्यांनीही रुमाल पाहिला. दोघांचं काहीतरी ठरेना. मध्येच भिंतीवरच्या कर्ण्यातून कसल्या तरी सूचना चालू होत्या. मला त्या ऐकू येत होत्या, पण माझं सगळं लक्ष त्या दोघांच्या तोंडाकडं होतं.

“टाका,” मोठे साहेब म्हणाले. “स्वतःचंच झाकताय, दुसऱ्याचं थोडंच बघताय.”

मी रुमालाची वरची दोन टोकं पडद्याच्या दोन्ही कडांना चिकटपट्टीनं लावली, पट्टी अप्पारावांनीच दिली. उलटी मोजणी सुरू झाली होती. पाच, चार, तीन. वरचा उतारा उघडला आणि मी सुटले.

त्या दहा मिनिटांबद्दल मला काही सांगताच येत नाही. पाणलोट विकासावरचा उतारा होता, एवढं आठवतं. बाकी मी त्या खुर्चीवर होते असंही वाटत नाही. डोळ्यांनी घ्यावं आणि बोटांनी द्यावं, मध्ये कोणी नाही. एकदाही अडखळले नाही. तीनदा बोट चुकल्याचं जाणवलं, सोडून दिलं, पुढं गेले. घंटा झाली तेव्हा उताऱ्याच्या तीनच ओळी राहिल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण एखादी गोष्ट पूर्ण करून दाखवली.

मी रुमाल काढला.

खाली इंग्रजी अक्षरं होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. सी, यू, ई, जे, ई, मध्येच स्वल्पविराम, कोलन, कुठंतरी शून्य. एक शब्द लागत नव्हता. मला वाटलं दुसऱ्याच कोणाचा पडदा माझ्यासमोर आलाय. मी शेजारणीच्या पडद्याकडं पाहिलं. तिथं नीट मराठी होतं.

अप्पाराव आले आणि तेही बघत उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले की नमुन्यानंतर भाषा परत इंग्रजीवर जाते, पुन्हा मराठी निवडायची असते, कर्ण्यावर दोनदा सांगितलं. घरच्या लॅपटॉपवर प्रणयनं मराठी कायमचीच लावून ठेवली होती. भाषा निवडायची असते ही सवयच माझ्या बोटांना नव्हती. आणि कर्ण्यावर जेव्हा सांगितलं, तेव्हा मी रुमालासाठी भांडत होते.

नियमाप्रमाणं प्रत्येकाच्या लिखाणाची प्रत छापून तिच्यावर उमेदवाराची सही घेतात. माझीही प्रत आली. दीड पान. अप्पारावांनी ती माझ्यापुढं ठेवली आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. मी पेन उचललं नाही. मी नुसती पानाकडं बघत बसले आणि माझी बोटं टेबलावर आपोआप हलायला लागली. सीच्या कळीवर मराठीत येतो म, म्हणजे सी म्हणजे म. यू म्हणजे ह. ई म्हणजे काना. जे म्हणजे र, पुन्हा काना. महारा... महाराष्ट्र. पुढं मोठा एम, ई, छोटा एम, व्ही. शासन. ते सगळं तिथंच होतं. मी बोटांनी एकेक ओळ वाचत गेले, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. तोवर हॉल रिकामा झाला होता. अप्पाराव मात्र घाई न करता समोर उभे राहिले.

“तीन चुका आहेत,” मी त्यांना म्हटलं. “तीनशे छप्पन्न शब्दांत तीन.”

त्यांनी पान हातात घेतलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी त्यांना बोट ठेवून दाखवलं, ही एक, ही दुसरी, ही तिसरी. ते मान हलवत होते. त्यांना काही वाचता येत नव्हतं हे दिसत होतं, तरी ते मान हलवत होते.

“असतील,” ते म्हणाले. “पण बाई, हे तपासणारं मशीन आहे. त्याला बोटं नसतात.”

मी अर्ज देते म्हटलं. ते म्हणाले, जरूर द्या, मी पुढं पाठवतो. त्यांच्या आवाजावरून त्या अर्जाचं काय होणार ते मला कळलं. मी सही केली. मराठीत केली, नीट, विशाखा.

बाहेर आले तर आकाश फाटकाशीच उभा होता. बाकीच्या सगळ्या बायका येऊन गेल्या तरी मी येईना म्हणून त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं वेग विचारला. मी पस्तीस सांगितला. त्यानं चुका विचारल्या.

“तीन,” मी म्हटलं.

“शंभरात?”

“सगळ्या मिळून.”

त्यानं तिथं रस्त्यातच माझे दोन्ही हात धरले आणि मग फोन काढला. मला त्याला थांबवायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मी सांगितलं त्यात खोटं काय होतं, हेच मला ठरवता येईना. फोनवर पलीकडं सासूबाई होत्या, त्यांचा आवाज मला इथवर ऐकू येत होता. “व्हय?” त्या विचारत होत्या. “खरंच व्हय? तिला दे की मग, तिच्या तोंडून ऐकू दे मला.” आकाशनं हसत फोन माझ्यापुढं धरला आणि मी तो कानाला लावला.